पाण्याचा हिशेब

आपल्या शाळेचे छत, गावातील पाण्याची टाकी, नदीवरचा पूल आणि शहरातील उड्डाणपूल यांत एक गोष्ट सारखी आहे. ही सर्व बांधकामे काँक्रीटची असतात. काँक्रीट दगडासारखे कठीण असते. पण दगड फोडून, घडवून त्याला आकार द्यावा लागतो. काँक्रीट मात्र पिठासारखे कालवता येते, हव्या त्या साच्यात ओतता येते आणि मग ते आपोआप दगडासारखे होते. म्हणूनच आजच्या बांधकामात त्याला इतके महत्त्व आले आहे.

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी हे काँक्रीटचे चार मुख्य घटक आहेत. या चारांपैकी सर्वांत स्वस्त घटक कोणता? अर्थातच पाणी. पण मुलांनो, काँक्रीट मजबूत होणार की कच्चे राहणार, हे बहुतेक वेळा या स्वस्त घटकावरच ठरते. तेव्हा या पाण्याचा हिशेब आपण नीट समजून घेऊ. ‘हिशेब’ हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. ‘इमारत’, ‘पाया’, ‘कारागीर’, ‘खर्च’ हे शब्दही उर्दूत आणि मराठीत आपण सारखेच वापरतो. या पाठात ते पुन्हा पुन्हा भेटतील.

आज आपण जे सिमेंट वापरतो, त्याला पोर्टलंड सिमेंट म्हणतात. इंग्लंडमधील लीड्स शहरातल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने १८२४ साली त्याचे पेटंट घेतले. या सिमेंटपासून बनलेला दगड इंग्लंडमधील पोर्टलंड येथील प्रसिद्ध दगडासारखा दिसे, म्हणून त्याने त्याला हे नाव दिले.

काँक्रीट वाळून कठीण होते, असे पुष्कळांना वाटते. हे खरे नाही. ओला कपडा वाळतो, तसे काँक्रीट वाळत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते. तिच्यातून अतिशय बारीक स्फटिक आणि चिकट पदार्थ तयार होतात. ते वाळूच्या कणांना व खडीच्या तुकड्यांना घट्ट धरून ठेवतात. म्हणजे पाणी उडून गेल्याने नव्हे, तर पाणी सिमेंटशी जोडले गेल्याने काँक्रीट कठीण होते. त्यामुळेच काँक्रीट पाण्याखालीही घट्ट होऊ शकते.

आता प्रश्न असा, की या क्रियेला पाणी किती लागते? सिमेंटची एक गोणी ५० किलोची असते. तेवढ्या सिमेंटची क्रिया पूर्ण व्हायला सुमारे १९ लीटर पाणी पुरते. पण एवढ्याच पाण्यात कालवलेला माल फार कोरडा होतो. तो फावड्याने हलत नाही आणि साच्याच्या कोपऱ्यांत जात नाही. म्हणून प्रत्यक्षात गोणीमागे २५ लीटर किंवा त्याहून थोडे जास्त पाणी घेतात. सिमेंटच्या वजनाशी पाण्याच्या वजनाचे जे प्रमाण असते, त्याला ‘पाणी-सिमेंट गुणोत्तर’ म्हणतात. ५० किलो सिमेंटला २५ लीटर, म्हणजे २५ किलो पाणी घेतले, तर हे गुणोत्तर ०.५० येते.

आता आपण एखाद्या घराच्या स्लॅबच्या दिवशी काय घडते ते पाहू. सकाळपासून मिक्सर फिरतो आहे. बिगारी घमेली भरून वर पोहोचवत आहेत. सेंट्रिंगवर सळयांची जाळी बांधलेली आहे. ऊन चढते, तसा माल घट्ट होऊ लागतो. तुळईच्या जागी सळया इतक्या जवळजवळ आहेत, की खडी त्यांतून खाली उतरत नाही. मिस्त्री वरून हाक मारतात, “अरे, माल सरकत नाही. एक बादली पाणी सोड!” मिक्सरवरचा मुलगा बादली ओततो. माल पातळ होतो, झरझर पसरतो आणि सर्वांचे काम हलके होते. कोणालाही वाईट हेतू नसतो. उन्हात पाठ मोडेपर्यंत काम करणाऱ्या माणसाला थोडा आराम हवा असतो, इतकेच.

पण या एका बादलीने काय केले? ५० किलो सिमेंटला २५ लीटर पाणी होते. १० लीटरची बादली ओतल्यावर ते ३५ लीटर झाले. गुणोत्तर ०.५० वरून ०.७० वर गेले. त्या घाण्याच्या काँक्रीटची ताकद एक-तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक कमी झाली. सिमेंट तेवढेच, खडी तेवढीच, खर्चही तेवढाच. पण ताकद गेली. आणि वाईट असे, की डोळ्यांना काहीच दिसत नाही. सुकल्यावर दोन्ही स्लॅब सारखेच करडे दिसतात.

हा नियम अमेरिकेतील डफ अब्राम्स या अभियंत्याने शोधला. शिकागो शहरातील लुईस इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत त्याने काँक्रीटचे हजारो नमुने तयार केले आणि ते दाबून फोडले. १९१८ साली त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. चांगले साहित्य वापरून काँक्रीट नीट दाबून भरले असेल, तर त्याची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. पाणी वाढले की ताकद घटते.

असे का व्हावे? सिमेंटला हवे तेवढे पाणी ते घेते. उरलेले पाणी काँक्रीटमध्ये अडकून राहते आणि पुढे हळूहळू उडून जाते. ते जिथे होते, तिथे बारीक बारीक पोकळ्या आणि नळ्या राहतात. काँक्रीट आतून स्पंजासारखे सच्छिद्र होते. ‘सच्छिद्र’ म्हणजे पुष्कळ भोके असलेले. या छिद्रांतून पावसाचे पाणी आणि हवा आत शिरते. कोकणात आणि मुंबईत तर समुद्राची खारी हवा शिरते. ती सळईपर्यंत पोहोचली, की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो आतून रेटा देतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या इमारतींच्या गॅलरीखाली गंजलेल्या सळया उघड्या पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. अशा दुखण्याला आणखीही कारणे असतात. पण बांधताना जास्त ओतलेले पाणी हे त्यांतले एक मोठे कारण आहे.

मग पाणी कमीच टाकले तर? तेही बरे नाही. कोरडा माल सळयांच्या मागे आणि साच्याच्या कोपऱ्यांत पोहोचत नाही. फळ्या काढल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. तिथे नुसती खडी असते, मधला भरणा नसतो. अशी जागा पातळ काँक्रीटइतकीच कमजोर असते. म्हणजे पाणी जास्त झाले तर ताकद जाते आणि कमी झाले तर माल जागेवर बसत नाही. काँक्रीट सहज कालवता, वाहता, ओतता आणि दाबता येणे, या गुणाला ‘सुकार्यता’ म्हणतात. ‘सुकार्यता’ म्हणजे काम करण्यातली सोय. बांधणाऱ्याला सुकार्यता हवी आणि राहणाऱ्याला ताकद हवी. या दोघांचे भांडण मिटवण्यासाठी माणसाने रासायनिक मिश्रके शोधली. कामाच्या ठिकाणी त्यांना नुसते ‘केमिकल’ म्हणतात.

बांधकामात आणखी काही मिसळण्याची कल्पना नवी नाही. आपल्या देशातील जुने कारागीर चुना घाणीत मळताना त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडदाच्या डाळीचे पीठ असे पदार्थ घालत. त्यामुळे चुना मऊ, चिकट आणि कामाला सोपा होई. जुन्या वास्तूंची दुरुस्ती करताना आजही अशा मिश्रणांचा उपयोग करतात. रसायनशास्त्राचे पुस्तक त्या कारागिरांनी वाचलेले नव्हते. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून त्यांना हे ज्ञान मिळाले होते.

सिमेंटसाठी असे पदार्थ १९३० नंतर प्रचारात आले. लाकडातले धागे एकमेकांना चिकटवून ठेवणारा एक पदार्थ असतो. त्याला लिग्निन म्हणतात. कागदासाठी लाकडाचा लगदा करताना तो वेगळा निघतो आणि पूर्वी तो टाकाऊ समजला जाई. त्यापासून बनवलेले रसायन थोडेसे काँक्रीटमध्ये घातले, तर कमी पाण्यातही काँक्रीट मऊ राहते, असे दिसून आले. अशा रसायनांना ‘प्लास्टिसायझर’ म्हणतात. पाण्याचे प्रमाण ते साधारण ५ ते १० टक्क्यांनी कमी करू शकतात.

पुढे १९६० नंतरच्या दशकात याहून प्रभावी रसायने निघाली. जपानमध्ये केनइची हत्तोरी यांनी नॅफ्थलीनपासून असे रसायन तयार केले. कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या ज्या पदार्थाच्या करतात, तेच हे नॅफ्थलीन. त्याच सुमारास जर्मनीत मेलामाइनपासून तशाच गुणांचे रसायन बनवले गेले. या रसायनांना ‘सुपरप्लास्टिसायझर’ हे नाव मिळाले. १९८० नंतर जपानमध्येच ‘पॉलिकार्बोक्झिलेट’ नावाची त्यांची नवी पिढी आली. सुपरप्लास्टिसायझरमुळे पाणी १५ ते ३० टक्क्यांपर्यंत कमी करता येते. नव्या पिढीच्या रसायनांमुळे कधी कधी त्याहूनही अधिक.

ही रसायने नेमके काय करतात? घरातले एक उदाहरण घ्या. भज्यांसाठी बेसन कालवताना कधी कधी गुठळ्या होतात. गुठळीच्या बाहेर पाणी असते. पण आत कोरडे पीठ तसेच राहते. सिमेंटचेही काहीसे असेच होते. पाण्यात पडल्यावर त्याचे बारीक कण एकमेकांकडे ओढले जातात आणि त्यांचे पुंजके होतात. या पुंजक्यांच्या मध्ये पाणी कोंडले जाते. ते पाणी असून नसल्यासारखे असते, कारण माल पातळ करायला त्याचा उपयोग होत नाही. मग आपण वरून आणखी पाणी ओततो.

रसायन घातल्यावर त्याचे रेणू सिमेंटच्या प्रत्येक कणाला वेढतात. सर्व कणांवर सारखाच, म्हणजे ऋण विद्युतभार येतो. लोहचुंबकाचे सारखे ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला आहात. तसेच हे कणही एकमेकांना दूर ढकलतात. पुंजके सुटतात आणि कोंडलेले पाणी मोकळे होते. नव्या पिढीच्या रसायनांचे रेणू कंगव्यासारखे असतात. त्यांचे लांब दाते कणांच्या मध्ये येतात आणि त्यांना चिकटू देत नाहीत. वरून एक थेंबही न टाकता माल वाहू लागतो. शिवाय प्रत्येक कण सुटा झाल्याने पाणी सर्व सिमेंटपर्यंत चांगले पोहोचते.

याचा उपयोग तीन प्रकारे करता येतो. पहिला प्रकार असा : पाणी तेवढेच ठेवायचे आणि रसायन घालायचे. मग माल अधिक वाहता होतो आणि ताकद मात्र कमी होत नाही. दाट सळयांच्या जागी हे उपयोगी पडते. दुसरा प्रकार : माल पूर्वीइतकाच वाहता ठेवायचा आणि पाणी कमी करायचे. २५ लीटरऐवजी २० लीटर पाणी घेतले, तर गुणोत्तर ०.५० वरून ०.४० वर येते आणि ताकद वाढते. तिसरा प्रकार : ताकद आणि सुकार्यता पूर्वीइतकीच ठेवून पाणी आणि सिमेंट दोन्ही थोडे कमी करायचे. त्यामुळे खर्च वाचतो. शिवाय सिमेंट बनवताना कार्बन डायऑक्साइड वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. माणूस जगभर जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा असतो. म्हणून वाचवलेली प्रत्येक गोणी हवेसाठीही हिताची असते.

मुंबईत जे. जे. रुग्णालयापासून मोहम्मद अली रोडवरून जाणारा सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल आहे. तो २००२ साली वाहतुकीला खुला झाला. त्याला कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव दिले आहे. माहीमचे हे थोर विद्वान तुम्हांला माहीत असतीलच. या पुलासाठी ‘एम ७५’ दर्जाचे काँक्रीट वापरले गेले. ‘एम ७५’ म्हणजे काय? १५ सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबून पाहतात. घराच्या बांधकामात पुष्कळदा वापरले जाणारे ‘एम २०’ काँक्रीट असेल, तर तो ठोकळा सुमारे ४५ टन भार सहन करतो. ‘एम ७५’ चा तेवढाच ठोकळा सुमारे १७० टन भार पेलतो. एवढी ताकद आणण्यासाठी पाणी फारच कमी घ्यावे लागते. शिवाय सिलिका फ्यूम नावाची अतिशय बारीक पूड मिसळतात. इतक्या कमी पाण्यातला माल सुपरप्लास्टिसायझरशिवाय साच्यात भरताच येणार नाही. त्या पुलाखालून जाताना हे आठवा. वरून जाणाऱ्या गाड्यांचा भार पेलण्यात या थोड्याशा द्रवाचाही वाटा आहे.

रासायनिक मिश्रकांचे आणखीही प्रकार आहेत. सिमेंट घट्ट होण्याची क्रिया मंद करणाऱ्या रसायनांना ‘मंदक’ म्हणतात. उन्हाळ्यात काँक्रीट लवकर घट्ट होते. कारखान्यात तयार केलेले काँक्रीट गोल फिरणाऱ्या पिंपाच्या ट्रकमधून शहरात येते. वाटेत गर्दी लागली तर ते ट्रकमध्येच घट्ट होण्याची भीती असते. म्हणून त्यात मंदक घालतात. गंमत म्हणजे आपल्या चहातली साखर हीसुद्धा मंदक आहे! एका गोणी सिमेंटला २५ ग्रॅम साखर पडली, तरी ते घट्ट व्हायला काही तासांचा उशीर होतो. साखर १०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक झाली, तर सिमेंट जवळजवळ घट्टच होत नाही. म्हणून सिमेंटच्या गोण्या साखर-गुळाजवळ ठेवू नयेत.

आखाती देशांत उष्णता फार. आपल्याकडची कितीतरी माणसे तिथे बांधकामावर काम करतात. दुबईतील ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा ही इमारत २०१० साली खुली झाली. तिचे काम चालू असताना पंपाने काँक्रीट ६०६ मीटर उंचीपर्यंत चढवले गेले. उन्हाळ्यात तिथे काँक्रीट रात्री ओतत आणि पाण्याच्या काही भागाऐवजी बर्फ घालत. इतक्या उंचीवर पंपाने पोहोचणारे आणि तरीही पुढे मजबूत होणारे काँक्रीट रासायनिक मिश्रकांशिवाय बनवता येत नाही.

मंदकाच्या उलट काम करणाऱ्या रसायनाला ‘त्वरक’ म्हणतात. थंड प्रदेशात किंवा घाईच्या दुरुस्तीत त्याचा उपयोग होतो. कॅल्शियम क्लोराइड हे जुने आणि स्वस्त त्वरक आहे. पण त्यामुळे सळया गंजतात. म्हणून सळया असलेल्या काँक्रीटमध्ये ते वापरू नये. तिसरा प्रकार बारीक बुडबुडे निर्माण करणाऱ्या रसायनांचा आहे. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काश्मीर-लडाखसारख्या थंड भागांत काँक्रीटच्या छिद्रांतले पाणी गोठते आणि काँक्रीटला तडे पाडते. आत बारीक बुडबुडे असतील, तर फुगणाऱ्या बर्फाला जागा मिळते. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, म्हणून आपल्याला त्यांची गरज सहसा भासत नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. रसायन म्हणजे जादू नव्हे. औषधाची मात्रा जशी ठरलेली असते, तशी मिश्रकाचीही असते. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत या मर्यादा दिल्या आहेत. चाचणी घेऊन वेगळे ठरवले नसेल, तर १०० किलो सिमेंटला मंदक अर्धा किलो, प्लास्टिसायझर १ किलो आणि सुपरप्लास्टिसायझर २ किलो यांपेक्षा जास्त घालू नये. मात्रा जास्त झाली, तर खडी खाली बसते, पाणी वर येते आणि काँक्रीट घट्ट व्हायला फार उशीर लागतो. प्रत्येक रसायन प्रत्येक सिमेंटशी जुळतेच असेही नाही. म्हणून आधी थोडा माल करून पाहतात. रसायन कोरड्या सिमेंटवर ओतत नाहीत. प्रथम बरेचसे पाणी घालून माल भिजवतात आणि मग उरलेल्या पाण्यात कालवून रसायन घालतात. रसायने आणि सिमेंट हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, कारण ओल्या सिमेंटमुळे कातडी जळते.

माल किती वाहता आहे हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. ३० सेंटिमीटर उंचीच्या, तळाशी रुंद आणि वर अरुंद असलेल्या पत्र्याच्या शंकूत काँक्रीट भरतात आणि शंकू हळूच वर उचलतात. आतला ढीग खाली बसतो. तो किती बसला हे पट्टीने मोजतात. या चाचणीला ‘स्लम्प टेस्ट’ म्हणतात. कामाच्या ठिकाणी पाच-दहा मिनिटांत ती करता येते. दिवसभर ती करत राहिले, तर पाणी कोणी वाढवले असल्यास शंका येते. मात्र रसायनानेही माल वाहता होतो. म्हणून केवळ ढीग पाहून भागत नाही; पाणी मापून घ्यावेच लागते. पावसात भिजलेल्या वाळूतही पाणी असते. तेही हिशेबात धरावे लागते.

मिश्रके घातली, तरी एक काम उरतेच. ते काम आपल्यालाच करावे लागते. घट्ट होऊ लागलेल्या काँक्रीटला निदान ७ दिवस ओले ठेवावे लागते. हवा उष्ण आणि कोरडी असेल, तर १० दिवस. स्लॅबवर मातीचे किंवा सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी साठवलेले तुम्ही पाहिले असेल. खांबांना ओली पोती गुंडाळतात. हे पाणी मिळाले नाही, तर सिमेंटची क्रिया अर्धवट राहते आणि वरच्या थराला चिरा पडतात. पाण्याची गंमत पाहा! कालवताना एक बादली जास्त झाली, तर तेच पाणी शत्रू ठरते. घट्ट होताना बादल्यांनी दिले, तरी तेच मित्र ठरते. पाणी चांगले की वाईट, हे ते किती आणि केव्हा घातले यावर अवलंबून आहे.

तुमच्यापैकी कोणाचे वडील किंवा काका गवंडीकाम करत असतील. कोणी सेंट्रिंगचे, कोणी सळया बांधण्याचे काम करत असतील. उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी ठेकेदार होईल, कोणी स्वतःचे घर बांधील. स्लॅबच्या दिवशी माल घट्ट झाला आणि कोणी “पाणी सोड” अशी हाक मारली, तर त्या थकलेल्या माणसावर रागावू नका. त्याची अडचण खरी आहे. पण बादलीही ओतू देऊ नका. तिच्याऐवजी मापून घेतलेले रसायन त्याच्या हाती द्या आणि ते का घालायचे हे त्याला समजावून सांगा. त्याचे काम हलके होईल आणि घरही पक्के होईल. त्या छताखाली झोपणाऱ्या मुलांना ही गोष्ट कधीच कळणार नाही. कळण्याची गरजही नाही. छत टिकले, म्हणजे झाले.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) काँक्रीट कशामुळे कठीण होते?
(आ) ‘सुकार्यता’ म्हणजे काय?
(इ) साखरेजवळ सिमेंट का ठेवू नये?

२. कारणे द्या.
(अ) जास्त पाणी घातलेल्या काँक्रीटमधील सळया लवकर गंजतात.
(आ) रसायन घातल्यावर पाणी न वाढवताही माल वाहू लागतो.

३. हिशेब करा.
एका घाण्यात ५० किलो सिमेंट आणि ३० लीटर पाणी घेतले. पाणी-सिमेंट गुणोत्तर किती? रसायनामुळे पाणी २० टक्क्यांनी कमी केले, तर ते किती होईल?

४. तुमच्या ओळखीच्या एखाद्या गवंड्याला भेटा. स्लॅबच्या दिवशी कोणकोणत्या अडचणी येतात, ते त्यांना विचारा आणि मराठीत दहा ओळी लिहा.